हळदीची चिंधी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोकरीतल्या गोड आठवणी लिहा." मी विचारलं, "माझी नोकरी काय होती, माहीत आहे का?" त्यांना माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं मी माशांच्या खाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. हे सांगितलं की समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर विचारतो, "माशांना पण खायला घालावं लागतं?" माझ्या स्वतःच्या नणंदेने लग्नानंतर वर्षभर पाहुण्यांना मी मत्स्यालयात कामाला आहे असंच सांगितलं होतं. तेव्हा आठवणी लिहिते, पण त्यात गोड किती निघेल याची हमी देत नाही.

आधी कामाबद्दल. आमचा कारखाना तुमसर रोडला, भातगिरण्यांच्या शेजारात. तो तिथे असायचं कारण म्हणजे कोंडा. धानाच्या दाण्याचं बाहेरचं कडक टरफल म्हणजे तूस. ते जाळायच्या कामाचं. त्याच्या आत, तांदूळ पांढरा करताना जो मऊ, तेलकट, पिवळसर भुगा निघतो तो कोंडा. मासा कोंडा पचवतो. तूस पचवत नाही, ते त्याच्या आतड्याला खरवडत जातं. दोन्ही एकाच गिरणीतून बाहेर पडतात आणि तूस बारीक दळलं की रंगाने कोंड्यासारखंच दिसतं. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं एवढ्यात आली.

कोंड्यात शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड, भाजलेल्या सोयाबीनची पेंड, सुकटाची पूड आणि थोडे क्षार घालायचे. सगळं पिठासारखं दळायचं, वाफ द्यायची आणि भोकांच्या जाड चकतीतून दाबून काढायचं. शेवेसारखी लांब वळी बाहेर येते, सुरी तिचे तुकडे पाडते, वारा लागून ते गार होतात. झाला दाणा. हा दाणा पाण्यात टाकल्यावर काही वेळ धरून राहिला पाहिजे. लगेच विरघळला तर माशाच्या तोंडात जाण्याआधी गाळात जातो. मी प्रत्येक घाण्यातले दहा दाणे काचेच्या ग्लासात टाकून घड्याळ लावून बसायची. वाफ कमी पडली की दाणा ढेपाळायचा आणि मी घाणा परत पाठवायची. कामगार मला मागून "ग्लासवाली बाई" म्हणत, आणि मला ते आवडायचं.

माझे बाबा जवाहरनगरला आयुध कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. मी क्वार्टरमध्येच वाढले. कारखान्याची बस संध्याकाळी वळणावर थांबली की बाबा उतरायचे, आणि त्या दिवशी एखादा माल नापास केला असेल तर चालण्यावरून कळायचं. काय नापास केलं ते कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, की सही करणारा माणूस माल पाहिल्याशिवाय सही करायला लागला, की त्याने घरी बसावं. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं मिरवलं. पुढे त्याचं काय केलं, ते खाली येतंच आहे.

कोंडा आणणाऱ्या व्यापाऱ्यांत एक गृहस्थ होते, अत्यंत नम्र. येताना दरवेळी माझ्यासाठी पेरू आणायचे. पोत्यात खुपसून नमुना काढायची एक पोकळ लोखंडी परखी असते. मी ती घेऊन ट्रकशी उभी राहिले की ते दोन पावलं मागे सरून हात जोडून उभे राहायचे. नमुने कायम उत्तम. पण त्यांच्या कोंड्याचं खाद्य केलं की दाण्यात कचकच यायची. चार गाड्यांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ठेंगणी आहे. थप्पीच्या पाचव्या पोत्याच्या वर माझा हात पोहोचत नाही, हे त्या भल्या माणसाने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पुढच्या गाडीला मी शिडी मागवली. वरच्या थरातला नमुना काचेवर घेऊन औषध टाकलं तर निम्मा लालभडक झाला. ते औषध कोंड्याला रंगवत नाही, फक्त तुसाला रंगवतं. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, शिडी कशाला चढता, पडाल ना." गाडी परत गेली. पेरूही परत दिले.

हा किस्सा सांगताना मी आजही खुशीत येते. पण त्या खुशीनेच माझा घात केला. चोर हा बाहेरून ट्रकमधून येतो, असं मला वाटू लागलं होतं.

एक गोष्ट मात्र लोकांनी समजून घ्यावी अशी फार इच्छा आहे. गाईच्या ढेपेत भेसळ केली तर दुसऱ्या दिवशी दूध कमी होतं आणि गवळी दारात येऊन शिव्या देतो. कोंबडीच्या खाद्यात केली तर आठवड्यात अंडी घटतात. मासा पाण्याखाली असतो. तो काय खातो, किती खातो, वाढतो की नाही, हे जाळं ओढेपर्यंत कोणालाच दिसत नाही. सहा महिन्यांनी दिसतं तेव्हा पिशव्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि दोष द्यायला पाणी, हवा, बीज म्हणजे तलावात सोडलेली माशांची पिल्लं, आणि ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमार, हे चौघे हजर असतात. त्यामुळे या धंद्यात लबाडी करणाऱ्याला हिंमत लागत नाही, नुसता निर्लज्जपणा पुरतो.

आता एकोडीची गोष्ट. साकोली तालुक्यातलं हे धानाचं गाव. तिथल्या ढिवरांच्या सोसायटीकडे गावचा तलाव ठेक्याने होता. पिढ्यानपिढ्या त्यांची पद्धत अशी, की पावसाळ्यात बीज सोडायचं आणि बाकी तलावावर सोपवायचं. खाद्य घालायला त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच सुरुवात केली होती, कारण शेजारच्या गावातला एक ठेकेदार तलावावर डोळा ठेवून होता. या साली मासा नीट निघाला नाही तर पुढचा ठेका सोसायटीला मिळणार नाही, हे लहान पोरालासुद्धा माहीत होतं. त्यांनी आमचं खाद्य घेतलं. रिकाम्या सिमेंटच्या पिशवीला खाली भोकं पाडायची, दाणा भरायचा आणि बांबूला बांधून पिशवी पाण्यात अर्धी सोडायची. मासा येऊन भोकाला तोंड लावतो.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्यातल्या पार्बताबाई आमच्या कारखान्यात आल्या. साठीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. एसटी बदलत, हातात डबा घेऊन, चौकीदाराशी भांडून त्या थेट प्रयोगशाळेत शिरल्या आणि डब्यातला रोहू माझ्या टेबलावर, काचेच्या नळ्यांशेजारी ठेवला.

"पाय वो बाई. डोस्कं मोठं अन् आंग बारीक. तीन महिने तुमचा दाना चारून राहिलो आमी."

मासा खरंच तसा होता. मी विचारलं, किती चारता, कधी चारता, पाणी केवढं आहे. सगळी उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी पदराच्या गाठीतून आमचाच दाणा काढला, जिभेवर ठेवला, चघळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे थंड लागते. मंग कडू. पयले जे पोते आले थे असे नव्हते लागत. यात काहीतरी हाय बाई."

मी काय केलं? मी हसले. वाईट हसले नाही, पण हसले. मग त्यांच्यासमोरच दाण्याची प्रथिनं मोजायला लावली, त्यांना चहा पाजला, दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि कागद दाखवला. पिशवीवर जेवढं लिहिलं होतं त्यापेक्षा किंचित जास्तच भरलं होतं.

"दाणा चांगला आहे, बाई. तुमच्या तलावाच्या पाण्यातच दोष असेल."

पार्बताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. "मंग मी हा कागद टाकू का तलावात?" असं म्हणून त्यांनी मासा डब्यात घातला आणि निघून गेल्या.

इथे थोडं रसायन सांगावं लागेल, कारण लबाडी त्यातच लपलेली आहे. प्रथिनं थेट मोजता येत नाहीत, निदान आमच्यासारख्या प्रयोगशाळेत नाही. आम्ही नायट्रोजन मोजतो आणि त्याला सव्वासहाने गुणतो. जो आकडा येतो त्याला प्रथिन म्हणायचं, अशी जगभर रीत आहे. आता नायट्रोजन पेंडेतून आला की सुकटातून, हे त्या आकड्याला माहीत नसतं. तो धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, फेकायच्या युरियातून आला तरी आकड्याला फरक पडत नाही. शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळा, कागदावर जवळजवळ तीन टक्के प्रथिनं वाढतात. मासा त्यातल्या एका कणाचंही मांस करू शकत नाही. आणि युरिया पाण्यात विरघळताना गारवा देतो, जिभेवरही देतो. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते. शिकलेलं माझ्या डोक्यात होतं आणि चव पार्बताबाईंच्या जिभेवर होती. दोन्ही एकाच खोलीत अर्धा दिवस बसून होती आणि मी कागदाकडे पाहत होते.

त्यानंतर आठवडाभराने मी दळणाचा बारीकपणा पाहायला मिक्सरपाशी गेले. मिक्सरवर शंकर होता, बारा वर्षं कामावर असलेला जुना माणूस, स्वतःची दोन एकर धानाची शेती करणारा. त्याच्या पायाखाली पायपुसणं म्हणून पसरलेली गोणी मला ओळखीची वाटली. युरियाची होती. मी विचारलं, "हे इथे कसं आलं?"

शंकर जराही चपापला नाही. उलट त्याला बरं वाटलं की कोणीतरी विचारलं. "शेठनं सांगतलं ना मॅडम. पेंड कमी पडून राहिली तं हे टाकत जाय. दोन महिने झाले. मी बरोबर मोजून टाकतो, जास्ती नाई."

"अरे, माशाला युरिया?"

"काहून? धानाले टाकला तं आठ दिवसांत काळंभोर हिरवं होते. मासा बी त्याच पान्यातला. वाढनच ना."

त्याचा खरोखर विश्वास होता. आमच्या भागात हे पूर्ण खुळचट म्हणता येत नाही, कारण तलावात चिमूटभर खत टाकून पाण्यातलं शेवाळ वाढवायची पद्धत आहे, ते शेवाळ मग मासा खातो. पण पाण्यात थोडं खत टाकणं वेगळं आणि माशाच्या तोंडात रोज खत भरणं वेगळं. शंकरला मी ते समजावलं तेव्हा तो बसला तिथेच, गोणीवर. "मले कोनी सांगतलं नाई मॅडम," एवढंच म्हणाला. मला तरी कोणी सांगितलं होतं? पण मला न सांगता कळायला पाहिजे होतं, पगार मला त्याचाच मिळत होता.

मी शेठच्या खोलीत गेले. शेठ ओरडणारे नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, टेस्टमध्ये पास आहे ना?"

"पास आहे म्हणूनच तर—"

"मग? पास तुम्हीच केलं. पिशवीच्या टॅगवर सही कोणाची आहे? माझी तर नाही."

त्या वाक्याचा संताप आजही ताजा आहे. हे लिहिताना पेन जोरात टेकवते आहे, माझं मलाच दिसतं. त्या माणसाने दोन महिने माझ्या सहीआड उभं राहून ढिवरांच्या माशांना खत चारलं होतं, आणि ते मला सांगतानासुद्धा पंखा माझ्याकडे ठेवला होता. मी म्हणाले, दोन महिन्यांचा माल परत बोलवा, नाहीतर मी जाते. ते म्हणाले, "परत बोलावलं तर कारखाना बंद, दीडशे घरं बसतील. यापुढे युरिया बंद, माझा शब्द. झालं ते झालं."

मी राहिले. राहण्याची कारणं मी स्वतःला सांगितली: मी गेले तर दुसरा कोणी डोळे मिटून सही करेल, मी असेन तर लक्ष ठेवेन. आणि लक्ष ठेवलंही. त्याच आठवड्यापासून मी युरिया ओळखायची एक सोपी चाचणी रोज लावली. कच्च्या सोयाबीनच्या पिठात असा गुण असतो, की ते ओल्या युरियाला फोडून त्यातून अमोनिया काढतं, तोच झोंबणारा वास. आणि ओल्या हळदीला अमोनिया लागला की ती लाल होते. म्हणजे बरणीत खाद्य, पाणी आणि कच्चं सोयापीठ घालायचं, तोंडाशी हळदीने रंगवलेली ओली चिंधी टांगायची, झाकण लावायचं. चिंधी पिवळी राहिली तर ठीक. मी बरणी मिक्सरशेजारच्या खिडकीत ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मी असेपर्यंत चिंधी एकदाही लाल झाली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तेवढ्याने भागत नाही हेही मला माहीत आहे.

कारण दोन महिन्यांचा माल परत आला नाही. एकोडीला तोच दाणा पडत राहिला. धान कापणीच्या तोंडावर चार दिवस आभाळ राहिलं आणि पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला, की तलावात मासे तोंड वर काढून श्वास घेत आहेत. शेठनी मला पाठवलं, "तुम्ही समजावून सांगा" म्हणून. मी पोहोचले तेव्हा पाणी गडद हिरवं होतं. विरघळलेल्या खताने शेवाळ बेसुमार वाढलं होतं, आणि ऊन नसल्यावर त्यानेच पाण्यातला प्राणवायू संपवला होता. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बाया टोपल्यांनी मेलेले मासे आणून टाकत होत्या. कतला, रोहू, मिरगल, सगळे बारीक अंगाचे. पुरुष पाण्यात उभे राहून हातांनी पाणी उडवत होते, तेवढीच हवा मिसळावी म्हणून.

पार्बताबाईंनी मला पाहिलं. भांडल्या नाहीत. जवळ येऊन विचारलं, "काय झालं असंल बाई? तुमी शिकल्या-सवरल्या हाव, तुमीच सांगा."

मी म्हणाले, "ढगाळ हवेने होतं असं. प्राणवायू कमी पडतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं खोटं दुसरं बोललेले नाही. पार्बताबाईंनी मान डोलावली आणि बाकीच्या बायांना सांगितलं, "आभायानं झालं म्हनते बाई." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढल्या साली ठेका त्या दुसऱ्या गावच्या माणसाकडे गेला. एकोडीचे ढिवर स्वतःच्या तलावावर रोजीने जाळं ओढू लागले, काही जण गाव सोडून गेले. मी कारखान्यात चिंधी पिवळी आहे की नाही ते पाहत राहिले.

निवृत्त झाल्यावर आम्ही साकोलीला सासरच्या घरी राहायला आलो. बाजारात पार्बताबाई मासळी घेऊन बसतात. मी त्यांच्याकडूनच घ्यायची. त्या नेहमी एखादा मासा जास्तीचा टाकायच्या, आणि मी दर वेळी आज सांगू, आज सांगू करत पिशवी उचलून घरी यायची. दोन वर्षं अशीच गेली. मधल्या काळात सोसायटीने धडपडून तलाव परत मिळवला होता, आणि हे सांगतानाचा त्यांचा चेहरा पाहिल्यावर तर माझं तोंड अजूनच मिटलं.

यंदा पोळ्यानंतर त्यांनी बाजारात मला हाक मारली.

"बाई, तुमी तं रिटायर झाल्या ना?"

"दोन वर्षं झाली."

"मंग पोत्यावर तुमची सही कशी? या साली आमी तुमचीच सही पाहून दाना घेतला. पोरीकडून वाचून घेतलं. अन् आता चाखून पायला तं थंड लागून राहिला."

मी मासळी तिथेच ठेवली. घरी येऊन बरण्या धुतल्या, हळद भिजवली, जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या, सोयाबीन दळून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोडीला गेले. पारीवर आंब्याखाली पार्बताबाई आणि सोसायटीच्या दहा बाया बसल्या होत्या. पिशवी आणली. टॅगवर छापील सही माझीच होती. कारखान्यातल्यांनी ती कधीतरी कागदावरून उचलली होती आणि मी गेल्यावरही छापत बसले होते. माझं नाव, माझं वळण, शेवटच्या अक्षराखालची ती रेघ, जी मी बाबांची पाहून मारायला शिकले.

मी सगळ्यांसमोर पिशवी फोडायला लावली. एका बरणीत त्यांचा दाणा, दुसरीत त्यांच्यातल्याच शेवंता नावाच्या बाईच्या घरचा साधा कोंडा. दोन्हीत सोयापीठ आणि पाणी. दोन्हींच्या तोंडाला पिवळ्या चिंध्या. बरण्या उन्हात ठेवल्या आणि आम्ही बसलो. वीसेक मिनिटांत कोंड्याची चिंधी पिवळीच होती. दाण्याची खालच्या टोकापासून लाल होत वर चढली. झाकण काढल्यावर वास सगळ्यांच्या नाकात गेला. धान करणाऱ्या बायांना तो वास वेगळा सांगावा लागला नाही.

पार्बताबाई चिंधीकडे पाहत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "म्हंजे तवा बी?"

"हो," मी म्हणाले. "तेव्हाही हेच होतं. तुम्ही दाणा चाखून सांगितला होता. मला आठवडाभराने कळलं. मासे मेले तेव्हा मला माहीत होतं. मी इथे याच पारीवर उभी राहून आभाळाचं नाव घेतलं."

शेवंता उठली, पाण्यापर्यंत गेली आणि परत आली. "माह्या घरचा मानूस तवापासून हैदराबादले हाय कामाले," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली आणि बसली. मी माफी मागितली. ती कोणी दिली नाही, आणि दिली असती तर मला घेता आली नसती. पार्बताबाईंनी फक्त विचारलं, "हे चिंधी लालच राहते का?"

तेच तर या चाचणीचं दुखणं आहे. अमोनिया उडून जातो आणि वाऱ्यावर हळद परत पिवळी पडते. मी तसं सांगितलं. पार्बताबाई म्हणाल्या, "मंग सगळ्याजनी नीट पाहून घ्या." चिंधी एकेकीच्या हातात फिरली. प्रत्येकीने पाहिली, हुंगली, पुढे दिली. शेवटी ती माझ्या हातात आली.

कारखान्याच्या विक्रीच्या माणसाला त्यांनी आधीच बोलावलं होतं. तो मोटारसायकलने आला तोवर चिंधी पिवळी झाली होती. पार्बताबाईंनी सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं, चिंधी दोन बोटांत धरून उलटसुलट केली.

"कुठं आहे लाल? आणि माल पास आहे. टॅगवर या मॅडमचीच सही आहे, विचारा त्यांना."

पार्बताबाईंनी मला विचारलं नाही. त्या त्याला म्हणाल्या, "लाल झाली होती. आमी अकराजनींनं पायली."

"बारा," मी म्हणाले.